ऊर्जा-संक्रमणाची मॉडेल्स आणि निर्णय घेणारा माणूस

उत्तरायण

नमस्कार. घरगुती ऊर्जेच्या मागणीची मॉडेल्स तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत किती घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसतील, किती जण इंधनावर पाणी तापवणे सोडून हीट पंप (हवेतली उष्णता विजेच्या साहाय्याने ओढून घेऊन पाणी किंवा घर तापवणारे यंत्र) घेतील, किती गाड्या विजेवर धावतील, अशा प्रश्नांची उत्तरे आम्हाला काढावी लागतात. या कामातला एक आकडा मला बराच काळ अस्वस्थ करतो आहे. त्याविषयी जाणकारांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

तो आकडा म्हणजे वटावदर. उद्या वाचणाऱ्या पैशाला आज किती किंमत द्यायची, हे तो ठरवतो; दर जितका चढा, तितकी ही किंमत कमी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सहकार्यातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिलेले 'मार्कल' आणि त्याच्या पुढच्या पिढीतले 'टाइम्स' ही मॉडेल्स संपूर्ण व्यवस्थेचा एकूण खर्च कमीत कमी ठेवणारा मार्ग शोधतात. त्यांच्या नेहमीच्या मांडणीत सगळे निर्णय जणू एकच नियोजक घेतो आणि त्याला भविष्यही पूर्ण दिसत असते. आयुष्यभराच्या हिशेबात स्वस्त ठरलेले उपकरण तेथे लगेच निवडले जाते. प्रत्यक्षात तसे होत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये खोलीत बसवण्याच्या वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहक सुमारे २० टक्के वटावदर धरल्यासारखे वागतात असे दिसले. शिवाय उत्पन्न जितके कमी, तितका हा दर जास्त होता.

त्यानंतर आमच्या क्षेत्रात एक सोय रूढ झाली. मॉडेलमधली घरे फारच उत्साहाने खरेदी करू लागली की त्यांचा वटावदर वाढवायचा आणि मागच्या काही वर्षांच्या विक्रीशी आलेख जुळला की थांबायचे. मीही हे अनेकदा केले आहे. पण आलेख जुळला म्हणजे माणसाचे वागणे समजले, असे होत नाही.

चार घरे डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात भाडेकरू राहतो. वीजबिल तो भरतो, पण उपकरण बदलण्याचा अधिकार घरमालकाचा आहे. दुसऱ्या घरात इच्छा आहे, पण एकरकमी पैसा हाताशी नाही. तिसऱ्या घराचा सांगितलेल्या बचतीवर विश्वास नाही. चौथ्या घरातले जुने उपकरण सकाळी बंद पडले आणि संध्याकाळपर्यंत गरम पाणी हवे होते, म्हणून जे मिळाले ते बसवले. चौघांनीही हीट पंप घेतला नाही, म्हणून विक्रीच्या आकड्यांत चौघे सारखेच दिसतात आणि माझ्या मॉडेलमध्ये चौघांच्या नावावर एकच चढा वटावदर लागतो. मग मी स्वस्त कर्जाची योजना तपासायला घेतो आणि तो दर काही अंकांनी खाली आणतो. त्याबरोबर चारही घरे खरेदीला निघतात. वास्तवात त्या कर्जाचा उपयोग फक्त दुसऱ्या घराला झाला असता.

हे किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या आराखड्यात एकूण कपातीपैकी सुमारे ५५ टक्के वाटा विजेवरची गाडी किंवा हीट पंप घेण्यासारख्या ग्राहकांच्या निवडींशी जोडलेला आहे. एवढा भार पेलणारा निर्णय आम्ही एका प्राचलात, म्हणजे मॉडेलला बाहेरून दिलेल्या एका आकड्यात, गुंडाळून ठेवतो. तुमच्यापैकी जे हे काम करतात, ते या अडचणीतून वाट कशी काढतात?

चलराशी

उत्तम विषय. माझे काम वाहतुकीतल्या निवडींचे आहे, त्यामुळे त्या बाजूने सांगते.

वटावदर हे उत्तर नाही, हे मान्य. पण निवडीचे गणित करताच येत नाही असेही नाही. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट ही रेल्वे सुरू होण्याआधी डॅनिएल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांच्या निवडींचे मॉडेल तयार केले होते. कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक ती वापरतील असा त्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्ष आकडा ६.२ टक्के निघाला. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. मॅकफॅडन यांना २००० साली नोबेल मिळाले ते निवडींच्या विश्लेषणाच्या याच पद्धतींसाठी. फरक पडला तो प्रश्नाच्या मांडणीमुळे. 'किती लोक जातील' असे न विचारता 'या माणसापुढे आज नेमके कोणते पर्याय आहेत, आणि प्रत्येकाला वेळ, पैसा व त्रास किती लागतो' असे त्यांनी विचारले होते.

जागतिक पातळीवरच्या मॉडेल्समध्येही हा विचार हळूहळू उतरतो आहे. 'मेसेज' या मॉडेलच्या एका आवृत्तीत गाड्यांच्या ग्राहकांचे २७ गट केले होते: वस्तीचे ३ प्रकार, नव्या तंत्रज्ञानाकडे पाहण्याच्या ३ वृत्ती आणि गाडीच्या वापराचे ३ स्तर. चार्जिंगची सोय नसणे, पल्ल्याची धास्ती, हव्या त्या प्रकारची गाडी न मिळणे अशा प्रत्येक अडचणीला प्रत्येक गटासाठी वेगळा जादा खर्च मानला होता. त्यामुळे कोणत्या धोरणाने कोणती अडचण हलते, एवढे तरी वेगळे पाहता येते.

एक इशारा मात्र देते. जे उपकरण बाजारात नवे आहे, त्याच्या निवडीचा इतिहासच उपलब्ध नसतो. मग प्रश्नावलीत काल्पनिक पर्याय मांडून उत्तरे घ्यावी लागतात आणि खिशातून पैसा जाणार नसेल तर कागदावर होकार देणे कोणालाही जड जात नाही.

पायरव

मी मॉडेल करत नाही. घरोघरी जाऊन मुलाखती घेते, आणि त्या मुलाखतींची कोष्टके होऊन ती तुमच्याकडे पोहोचतात. उत्तरायण यांचे चौथे घर मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते.

एका बाईंनी मला त्यांच्या उपकरण बदलाची हकिगत सांगितली होती. सकाळी साडेसहाला नळाला गार पाणी आले. घरात तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला. तो दुपारी आला, उपकरण उघडून पाहिले आणि आतली टाकी गंजून फुटल्याचे सांगितले. तसेच दुसरे त्याच्या गाडीतच होते. हीट पंपाविषयी त्या बाईंनी वाचलेले होते आणि तो घ्यावा असे त्यांच्या मनातही होते. त्यांनी विचारल्यावर तो माणूस म्हणाला, "होईल, पण जागा पाहावी लागेल, वायरिंग बदलावे लागेल, आठ-दहा दिवस धरा." त्यांनी गाडीतले उपकरण बसवून घेतले. आता पुढची दहा-पंधरा वर्षे त्या घरात हा प्रश्न पुन्हा निघणार नाही.

माझ्या छापील प्रश्नावलीत या हकिगतीसाठी एकच ओळ होती: 'खरेदीचे प्रमुख कारण', आणि पुढे किंमत, दर्जा, पर्यावरण, इतर असे चार चौकोन. मी 'इतर' वर खूण केली. तुमच्यापर्यंत पोहोचली ती तेवढी खूण.

दुसरी गोष्ट अशी की, लोक जे कारण सांगतात ते प्रामाणिकपणे सांगतात, तरीही ते खरे असतेच असे नाही. जेसिका नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील रहिवाशांनी वीज वाचवण्याच्या कारणांमध्ये 'शेजारी वाचवतात म्हणून' हे कारण सर्वांत शेवटी ठेवले होते. प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी सर्वांत घट्ट नाते त्याच कारणाचे निघाले.

दशांश

पायरव यांनी शेजाऱ्यांचा मुद्दा काढला आहे, तो मला पुढे न्यायचा आहे, कारण गटांची सरासरी काढणारी मॉडेल्स नेमकी तेथेच अडखळतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेले उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे असे आहे. शंभर माणसे आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे आधी किती जणांनी कृती केली की तो स्वतः करील ती संख्या. पहिल्याचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे करत शेवटच्याचा ९९. पहिला आपणहून पुढे येतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि अखेरीस शंभरही जण कृती करतात. आता एकच बदल करा: ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा. पहिला पुढे येतो आणि तेथेच सगळे थांबते. दोन्ही समूहांची सरासरी जवळजवळ तीच आहे. कोणत्याही सर्वेक्षणात हे दोन समूह वेगळे ओळखू येणार नाहीत. तरीही एकीकडे शंभर आणि दुसरीकडे एक.

सौर पॅनेलच्या बाबतीत हा परिणाम मोजलाही गेला आहे. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम यांच्या २०१२ च्या कॅलिफोर्नियातील अभ्यासानुसार, एका टपाल विभागात आणखी एक पॅनेल बसले की त्या विभागात पुढचे पॅनेल बसण्याची शक्यता ०.७८ टक्के-बिंदूंनी वाढते. आकडा लहान दिसतो, परंतु प्रत्येक नवे पॅनेल पुढच्यासाठी तेच काम करत असल्याने तो साचत जातो.

म्हणून मी एजंट-आधारित मॉडेल वापरतो. त्यात प्रत्येक घर वेगळे असते. त्याचे उत्पन्न, मालकी, शेजार आणि उंबरठा वेगळा असतो. मात्र या पद्धतीचा दोषही मी लपवू इच्छित नाही. प्राचले इतकी होतात की कोणताही हवा तो आलेख काढून दाखवता येतो. एकूण विक्रीचा आलेख जुळला एवढ्यावर समाधान मानले, तर उत्तरायण यांच्या वटावदरापेक्षा ते काही जास्त प्रामाणिक ठरत नाही. माझा स्वतःचा नियम असा आहे की जुळवणीसाठी वापरली नाही अशी किमान एक गोष्ट मॉडेलने आपोआप बरोबर दाखवली पाहिजे, उदाहरणार्थ पॅनेलांचे नकाशावर पुंजके कसे पडतात. ते जमले नाही तर मी निकाल बाहेर देत नाही.

मध्यमा

मला थोडी विरुद्ध बाजू मांडायची आहे. कमीत कमी खर्चाची मॉडेल्स माणसाचे भाकीत करण्यासाठी रचलेलीच नव्हती. समाजाला सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, हे सांगणे त्यांचे काम. ती फूटपट्टी आहे. तिच्यात माणसांच्या सवयी आणि भीती मिसळल्या, तर निघणारे उत्तर 'काय करावे' याचे आहे की 'काय होईल' याचे, हेच कळेनासे होते. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला या दोन उत्तरांमधले अंतर दिसणे आवश्यक आहे, कारण धोरणाची गरज किती आहे ते त्या अंतरावरूनच समजते.

अर्थात फूटपट्टी वास्तवापासून किती दूर जाते याची जाणीव ठेवली पाहिजे. ब्रिटनच्या वीजव्यवस्थेच्या १९९० ते २०१४ या काळाचा मागे वळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात झालेला खर्च मॉडेलने काढलेल्या किमान खर्चापेक्षा, गृहीतकांनुसार, ९ ते २३ टक्क्यांनी वेगळा निघाला. आणि वीजव्यवस्थेत तर निर्णय घेणारे थोडे आणि जाणते असतात. लाखो घरांच्या बाबतीत हे अंतर कमी असण्याचे मला काही कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप रॉबर्ट लुकास यांनी १९७६ मध्ये अर्थशास्त्रातल्या मॉडेल्सवर घेतला होता, तोच येथेही लागू पडतो. जुन्या धोरणाखाली मोजलेले वागणे नवे धोरण आल्यावर तसेच राहील, हे गृहीत धरता येत नाही. दशांश यांच्या एजंटांचे उंबरठे आजच्या परिस्थितीत मोजलेले आहेत. उद्या नियम बदलले की उंबरठेही हलतील.

निरंजनी

मध्यमा यांच्या शेवटच्या वाक्याला एक भक्कम उदाहरण जोडते. जर्मनीत सुमारे ४२ हजार घरांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. संकेतस्थळावर विजेचा करार करताना 'हरित वीज हवी' अशी खूण स्वतः करावी लागत होती, तेव्हा करार करणाऱ्यांपैकी ७.२ टक्के लोकांनी ती घेतली. तीच खूण आधीपासून केलेली होती आणि नको असल्यास काढायची होती, तेव्हा ६९.१ टक्के लोकांनी ती राहू दिली. दोन्ही गटांतील माणसे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली गेली होती, त्यामुळे त्यांची मते, उत्पन्ने आणि पर्यावरणाविषयीची कळकळ सरासरीने सारखीच असणार. मग हा दहापट फरक एजंटाच्या कोणत्या गुणधर्मात लिहायचा? माझ्या मते तो माणसाच्या रकान्यात लिहिताच येणार नाही. तो निर्णय ज्या रीतीने समोर ठेवला जातो त्या रीतीचा गुणधर्म आहे आणि मॉडेलमध्ये त्याला वेगळी जागा हवी.

उत्तरायण

सर्वांचे मनापासून आभार. मध्यमा, 'काय करावे' आणि 'काय होईल' वेगळे ठेवण्याचा तुमचा आग्रह मला पूर्ण पटतो. माझी तक्रारही तीच आहे. चढा वटावदर घालून आम्ही फूटपट्टीच वाकवतो आणि मग तिला भाकीत म्हणतो.

पण लुकास यांच्या आक्षेपावरून मी वेगळ्या निष्कर्षाला येतो. उंबरठे बदलतील, मते बदलतील, हे खरे. मात्र काही गोष्टी सावकाश बदलतात आणि त्या मोजता येतात. उपकरण साधारण किती वर्षांनी बंद पडते, किती घरे भाड्याची आहेत, बिघाड झाल्यापासून नवे बसेपर्यंत किती अवधी मिळतो. या गोष्टी कोणाच्या मनात डोकावल्याशिवाय कळू शकतात. आम्ही मानसशास्त्राच्या मागे धावलो आणि या साध्या गोष्टी मागे राहिल्या, असे मला पायरव यांची हकिगत वाचून वाटले. टाकी फुटलेल्या त्या घरात सकाळी साडेसहानंतर पसंतीला जागाच उरली नव्हती. त्या घराची मते कितीही बारकाईने मोजली असती, तरी उत्तर चुकलेच असते.

पायरव

तिसऱ्या घराविषयी अजून कोणी बोललेले नाही, ज्याचा सांगितलेल्या बचतीवर विश्वास नाही. त्याची बाजू घेणे मला आवश्यक वाटते, कारण अहवालांमध्ये या माणसाला नेहमी 'माहितीचा अभाव असलेला' म्हटले जाते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कमी उत्पन्नाच्या घरांना उष्णतारोधक अस्तर आणि तापयंत्रणेतल्या सुधारणा पूर्णपणे मोफत दिल्या जात होत्या. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्रॅम यांनी त्या योजनेचा अभ्यास केला. घरोघरी जाऊन, वारंवार फोन करून, अर्ज भरायला मदत करूनही सुमारे ६ टक्के घरांनीच ती घेतली. हे वाचून पहिला विचार येतो की लोक हट्टी आहेत. परंतु त्याच संशोधकांनी प्रत्यक्ष बचत मोजली, तेव्हा अभियांत्रिकी मॉडेलने वर्तवलेली बचत खऱ्या बचतीच्या तिपटीहून अधिक निघाली.

जर्मन घरांच्या एका अभ्यासातही, २०१२ मध्ये, रहिवासी त्यांच्या घराच्या कागदोपत्री मानांकनापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा तापवण्यासाठी वापरत असल्याचे आढळले. घर जितके गळके, तितके लोक हात आखडता घेतात: एकच खोली तापवतात, अंगावर जास्त कपडे घालतात. जे जाळलेच नाही ते वाचणार कसे? गरीब घरातला माणूस 'माझे बिल एवढे कमी होणार नाही' असे म्हणतो, तेव्हा तो बहुधा बरोबर असतो. मी अशा घरांत बसले आहे. तेथे बिलाचा प्रत्येक कागद जपून ठेवलेला असतो.

चलराशी

पायरव, तुमच्या या प्रतिसादाने मला हाउसमन यांच्या आकड्याकडे परत जावे लागले. वटावदर काढताना खरेदीची किंमत आणि अपेक्षित बचत या दोन गोष्टी समीकरणात जातात आणि दर उरतो. अपेक्षित बचतच फुगवून धरली असेल, तर त्या चुकीचा सगळा भार वटावदरावर पडतो आणि माणूस आहे त्यापेक्षा उतावळा दिसतो. ज्यांचा वापर आधीच काटकसरीचा आहे त्यांच्याबाबत बचत जास्त फुगते, म्हणजे त्यांचा दरही जास्त चढा दिसणार. गरिबांचा वटावदर जास्त असतो या विधानात हातात पैसा नसण्याचा वाटा नक्कीच आहे, पण काही वाटा अशा हिशेबांमधल्या आमच्या चुकीचाही असू शकतो, ही शक्यता मी आतापर्यंत पुरेशा गांभीर्याने घेतली नव्हती. दोन्ही वाटे वेगळे करायचे असतील, तर खरेदीच्या नोंदींबरोबर त्याच घराचा आधीचा प्रत्यक्ष वापर हाताशी हवा.

दशांश

याची दुसरी बाजूही मॉडेलमध्ये धरावी. घर सुधारल्यावर तोच माणूस प्रथमच सर्व खोल्या तापवतो. कार्यक्षमता वाढल्यावर वापरही वाढतो, हा मुद्दा विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाच्या संदर्भात १८६५ मध्ये मांडला होता, आणि आमच्या हिशेबात तो 'गमावलेली बचत' म्हणून जातो. येथे मात्र ते कुडकुडणे थांबणे आहे. माझ्या एजंटांना घरातल्या तापमानाचा चल नव्हता. तो मी आता घालत आहे.

उत्तरायण

या चर्चेवरून मी पुढच्या आवृत्तीची रचना बदलायला घेतली आहे. प्रत्येक घरासाठी, प्रत्येक वर्षी, आधी प्रसंग तपासायचा: उपकरण बंद पडले का, घर बदलले का, दुरुस्ती निघाली का. प्रसंगच नसेल तर निर्णय नाही आणि त्या घराला काहीही विचारायचे नाही. प्रसंग असेल तर अधिकार आणि अवधी पाहायचा: बदल करण्याचा हक्क कोणाचा, आणि हाताशी दिवस किती. निरंजनी म्हणतात तसे, समोर कोणता पर्याय आयता ठेवलेला आहे हेही येथेच येईल. या दोन पायऱ्या पार करणाऱ्या घरांपुरतीच किंमत आणि बचतीची तुलना होईल आणि बचत त्या घराच्या प्रत्यक्ष वापरावरून काढली जाईल. वटावदर राहील, पण फक्त या शेवटच्या पायरीत. मध्यमा, किमान खर्चाचा मार्ग मी शेजारी वेगळा काढून दाखवीन. दोन्ही आलेख एकमेकांत मिसळणार नाहीत.

एक अडचण आहे. विक्रीच्या नोंदी मिळतात, पण उपकरण बंद पडल्यावर घेतले की चालू असताना बदलले, हे त्यांत नसते. पायरव, तुमच्या पुढच्या फेरीत हे विचारता येईल का?

पायरव

विचारता येईल. 'खरेदीचे प्रमुख कारण' हा प्रश्न मी काढून टाकण्याचा प्रस्ताव देणार आहे. त्याऐवजी चार प्रश्न असतील: जुने उपकरण त्या दिवशी चालू होते का, ते बंद पडल्यापासून नवे बसेपर्यंत किती तास किंवा दिवस गेले, कोणते घ्यावे हे सर्वप्रथम कोणी सुचवले, आणि त्या वेळी दुसरा कोणता पर्याय प्रत्यक्ष उपलब्ध होता. पहिल्या दोहोंची उत्तरे लोकांना नेमकी आठवतात, असा माझा अनुभव आहे. गरम पाण्याशिवाय काढलेले दिवस कोणी विसरत नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी दुरुस्ती करणाऱ्यांच्याही वेगळ्या मुलाखती घ्याव्या लागतील, आणि त्या त्यांच्या गाडीपाशी उभे राहून घ्याव्यात असे मला वाटते, म्हणजे त्या दिवशी गाडीत काय होते तेही लिहून घेता येईल.